एकदाच विचारणारा माणूस

पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो तो उपाशी बाहेर पडलो.

मॅट्रिकचा निकाल लागला होता. आमच्या घरात तोवर कुणी सही करण्यापलीकडे शिकलेलं नव्हतं. पुढं काय करायचं असतं हे विचारावं असं घरात माणूस नव्हतं. पिंपळगाव रेणुकाईचे आमचे मास्तर म्हणाले, "नवीन जालन्याच्या वाचनालयात जाऊन तिथल्या ग्रंथपालांना भेट. तोंडानं फटकळ हाएत, पण बराबर सांगतील." मी पहाटे निघालो. भोकरदनपर्यंत पायी, पुढं एका मालमोटारीत पोत्यांवर बसून, असा भर दुपारी पोचलो. ते नुकतेच वाचनालयाला कुलूप लावून मागच्या बिऱ्हाडात जेवायला बसत होते. मला पाहून म्हणाले, "जेवणार?"

"नको, जेवून आल्तो."

"बरं," ते म्हणाले आणि त्यांनी भाकरी मोडली.

मी समोर बसून राहिलो. आईनं लहानपणापासून शिकवलं होतं, कुणी जेवा म्हणालं की आधी न्हाई म्हणायचं, हावऱ्यावानी ताटावर बसायचं न्हाई. दुसऱ्यांदा म्हणाले तर थोडं का-कू करायचं, तिसऱ्यांदा म्हणाले की हात धुवायचे. मी दुसऱ्या खेपेची वाट बघत होतो. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि वर कच्चं तेल. त्यांनी सगळं शांतपणे खाल्लं, चूळ भरली आणि विचारलं, "बोला, काय काम काढलंत?"

परत निघालो तेव्हा त्यांच्या पत्नी मागच्या दारातून माझ्यामागं आल्या. मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा माझ्या हातात कोंबून म्हणाल्या, "त्यांच्याफुडं पयल्यांदाच हो म्हणत जा बाबा." पुढं मला कळलं, त्या माउलीचं अर्धं आयुष्य नवऱ्यानं तसेच परत पाठवलेल्या पाहुण्यांच्या मागं धावण्यात गेलं होतं.

गाव त्यांना एकबोले म्हणत असे. आडनाव वेगळं होतं, पण ते फक्त पोस्टमनला माहीत होतं. अंगानं उंच, उन्हाळ्यातही गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. कोटाच्या दोन्ही खिशांत वाळलेला कडुलिंबाचा पाला. पुस्तकांना कसर लागू नये म्हणून ते पानापानांत तो घालत. कुणाशी बोलता बोलता खिशातून चिमूटभर पाला काढून समोरच्या माणसाच्या हातातल्या पुस्तकात घालून देत. वाचनालयात "शांतता राखा" अशी पाटी होती आणि सगळ्यांत मोठा आवाज त्यांचाच असे.

त्यांचा नियम एकच. माणसाला एकदा विचारायचं. तो जे म्हणेल ते खरं धरायचं. पुन्हा विचारायचं नाही. देवघेवीच्या खिडकीवर एखादा म्हणाला, "ते नवं पुस्तक असलं तर द्या, न्हाई तर राहू द्या," तर ते लगेच म्हणत, "राहू द्या." आणि पुढच्या माणसाला हाक मारत. पहिला तिथंच उभा. "अवो, पण हाय का न्हाई ते तर बघा!"

"तुम्हीच राहू द्या म्हणालात."

"बोलायची पद्धत असती ती!"

"मी मनकवडा असतो तर देवळात बसलो असतो. हे वाचनालय आहे. इथं माणसानं बोलायचं असतं."

हे वाक्य आम्ही सगळ्यांनी पाठ केलं होतं. कॉलेजच्या खोलीवर त्याची नक्कल करून मी पुष्कळ हशा मिळवला आहे. आता ती नक्कल करावीशी वाटत नाही.

बाजारातही तेच. भाजीवाली सांगेल तो भाव ते देत. एक म्हातारी कितीतरी दिवस त्यांना लुबाडत होती. मग एक दिवस तीच भर बाजारात त्यांच्यावर ओरडली, "अवो बापा, जरा तरी घासाघीस करा की! तुमच्यापायी मला घास गोड लागंना!" त्यानंतर ती त्यांना खरा भाव सांगू लागली. ते ही गोष्ट अभिमानानं सांगत. म्हणत, "बघा, समोरच्याचं बोलणं खरं धरलं की त्याला खरं बोलावंच लागतं."

मोठ्या मुलीच्या लग्नाच्या बैठकीत तर त्यांनी कमालच केली. मुलाचे वडील पान लावता लावता म्हणाले, "आमची तशी काहीच अपेक्षा नाही हो." अशा वेळी मुलीच्या बापानं हात जोडून "असं कसं, तुम्ही सांगा तर" म्हणायचं असतं, हे सगळ्या मराठवाड्याला ठाऊक आहे. हे म्हणाले, "उत्तम!" आणि उठले. मुलीला त्यांनी एक ट्रंक भरून पुस्तकं दिली. व्याही पुढं कितीतरी दिवस कुरकुरत होते, पण स्वतःच्या तोंडचं वाक्य त्यांना गिळता येईना. त्या एका गोष्टीसाठी मी अजूनही त्यांच्या पायावर डोकं ठेवीन.

आणि माझीही गोष्ट आहेच. त्या उपाशी दुपारी त्यांनी मला विचारलं होतं, "कॉलेजात जाणार?" पोटात कावळे ओरडत होते, त्या तिरमिरीत मी रीत विसरलो आणि म्हणालो, "हो." त्यांनी पुन्हा विचारलं नाही. तुझ्या बापाला परवडेल का, तुला झेपेल का, तुमच्यात कुणी गेलंय का, यातलं काही नाही. त्याच संध्याकाळी त्यांनी औरंगाबादच्या ओळखीच्या एका प्राध्यापकांकडे माझ्या राहण्याची व्यवस्था लावली. मी कॉलेजात गेलो तो त्या एका होकारामुळं. म्हणून त्यांच्यावर रागावताना माझी जीभ जरा अडखळते. पण राग आहे आणि तो मी लिहिणार आहे.

आमच्या भागातल्या वाचनालयांचा एक संघ होता. जालना, बदनापूर, भोकरदन आणि आसपासची गावं. कुठं धर्मशाळेतली खोली, कुठं देवळातलं एक कपाट. आमच्या गावचं वाचनालय रेणुकेच्या देवळाच्या ओवरीत होतं आणि संघात त्याचा प्रतिनिधी मी होतो, कारण वाचणारा दुसरा कुणी सभेला यायला तयार नसे. संघाचे चिटणीस एकबोले.

त्या वर्षी हैदराबादहून कळलं की, युरोपात जगभरच्या ग्रंथपालांची परिषद भरणार आहे आणि संस्थानातून एक जण पाठवायचा आहे. खर्च हैदराबादचा संघ करणार. तेलुगू, कानडी भागांची पाळी होऊन गेली होती. या खेपेला मराठी भागाची, आणि मराठी भागात सर्वांत जुना संघ म्हणून निवड आमच्याकडे आली. कुणाला पाठवायचं याबद्दल आमच्यात दोन मतं नव्हती. बदनापूरच्या वहिनी.

वहिनी म्हणजे बदनापूर स्टेशनच्या तिकीटबाबूंच्या पत्नी. स्टेशनमागच्या क्वार्टरच्या पडवीत त्यांचं वाचनालय होतं. गाडीची वाट बघणाऱ्या बायका उन्हाच्या तिथं टेकत. वहिनी त्यांना वाचून दाखवत आणि गाडी आली की पुस्तक अर्ध्यावर मिटून म्हणत, "उरलेलं परत जाताना." कितीतरी बाया उरलेलं ऐकायला म्हणून पुढच्या बाजारी पुन्हा येत. साबणाच्या रिकाम्या खोक्यांत पुस्तकं भरून त्या गार्डाच्या हाती देत. गार्ड ती पुढच्या स्टेशनांवर उतरवी, आणि तिथून बाजाराच्या गाड्यांतून खोकी गावोगाव जात. ज्या घरांतल्या बायकांना उंबरा ओलांडायची परवानगी नव्हती, तिथं वहिनी हळदीकुंकवाचं निमित्त करून स्वतः जात. पदराखाली पुस्तक असे. मिशनच्या शाळेत शिकल्यामुळं त्या इंग्रजीही न अडखळता बोलत. आम्ही सगळे मिळून दहा वर्षांत करू तेवढं काम त्या एकट्या करत, आणि हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. मुद्दाम सांगतो, सगळ्यांना.

सभेच्या आदल्या दिवशी कॉलेजला उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि मी औरंगाबादहून निघालो. संध्याकाळी बदनापूरला उतरलो. वहिनींनी पोह्यांची बशी पुढं केली. मी नको म्हणालो, त्यांनी ऐकलंही नाही, बशी माझ्या मांडीवर ठेवली आणि वर आणखी शेव घातली. बाबू ड्यूटी संपवून आले होते. घरात एक नवी पत्र्याची ट्रंक दिसत होती. वहिनी तिच्याकडे बघत नव्हत्या, पण दर दोन वाक्यांमागं तिच्यावरची धूळ पुसत होत्या.

"तिकडं थंडी लई असती म्हणतेत," त्या म्हणाल्या. "ह्यांनी लोकरीचं कापड आणून ठेवलं. मी म्हणले, अजून नाव निघालं न्हाई, काहून आणलं?"

"निघंल ना!" बाबू म्हणाले. "दुसरं कोण हाय?"

"मला जायाचंय हो," वहिनी एकदम माझ्याकडं वळून म्हणाल्या. आवाज इतका सरळ होता की मी बशी खाली ठेवली. "खोटं काहून बोलू? लई जायाचंय. ह्या पडवीत बसून मी जे करून राह्यले ते बराबर हाय का येडेपणा हाय, ते मला चार जाणत्या माणसांत बसून बघायचंय. इथं कुणाला इचारू?"

मी म्हणालो, "वहिनी, मग एक करा. उद्या एकबोले विचारतील तेव्हा पहिल्यांदाच हो म्हणा. ते दुसऱ्यांदा विचारत नाहीत."

त्या हसल्या. "ते चहापाण्याला असंल. एवढ्या मोठ्या कामाला बी तसंच करतील का?"

"करतील."

"आवो, पण मी कसं म्हणू? भरल्या सभेत बाईमाणसानं उठायचं आन् बोटीवर जाते म्हणायचं? नवऱ्याला सोडून, समुद्रापार? एकदम हो? सासूबाई पाटोद्यात हाएत, जावा हाएत. उद्या पाणवठ्यावर काय बोलतील? दोनदा न्हाई म्हणावंच लागतंय. तिसऱ्यांदा मोठ्या माणसांनी गळ घातली, मंग त्यांच्या शब्दाखातर गेले, असं झालं म्हंजी कुणाची जीभ उचलत न्हाई."

बाबू म्हणाले, "बराबर हाय तिचं. पुरुषाचं येगळं असतं."

 त्या म्हणत होत्या ते बिलकुल खरं होतं. आमच्या घरीही असंच असतं. ज्याच्या घरात सगळं आहे त्याला एकदम हो म्हणता येतं. बाकीच्यांना आधी आपण हावरे नाही हे सिद्ध करावं लागतं.

सभा दुसऱ्या दिवशी दुपारी, नवीन जालन्याच्या वाचनालयात झाली. त्या काळात संस्थानात चार माणसं जमायची तरी सरकारची परवानगी लागे. आमची परवानगी एका बैठकीची होती आणि ती मिळवताना एकबोल्यांच्या चपला झिजल्या होत्या. दाराशी खुर्ची टाकून अमीनसाहेब बसले होते, म्हणजे पोलिसांचे अंमलदार. कोण काय बोलतं ते ऐकून त्यांनी वर कळवायचं. आम्ही त्यांच्याकडं पाठ करून बसलो होतो.

एकबोले उभे राहिले. मी त्यांना इतकं चांगलं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. ते चिडून बोलत होते. आम्हा सगळ्यांना त्यांनी झोडपलं. कोण कपाटाची किल्ली हरवून वर्षभर गप्प बसला, कोण पुस्तकांवर लोणच्याची बरणी ठेवतो, कुणाचं वाचनालय फक्त पाटीपुरतं आहे, सगळं. मग म्हणाले, "आणि एक बाई रेल्वेच्या डब्यातून पुस्तकं पाठवते. मी त्यांचं नाव सुचवतो. बाई म्हणून नव्हे, तुम्हा सगळ्यांहून सरस म्हणून." टाळ्या पडल्या. वहिनी कपाटाच्या कडेला दोन बायकांबरोबर बसल्या होत्या. त्यांचे कान लाल झालेले मला दिसत होते.

"वहिनी," एकबोले म्हणाले, "जाणार?"

वहिनींनी पदर सारखा केला. खाली बघत, पण स्पष्ट आवाजात त्या म्हणाल्या, "माझी कुठली एवढी योग्यता? इथं जाणती मंडळी बसली हाएत. दुसऱ्या कुणाला पाठवा."

सभेत गोड हसू पसरलं. माणसं मागं रेलून बसली. आता आग्रह व्हायचा होता. कुणी तरी "असं कसं वहिनी" म्हणायला घसा खाकरलासुद्धा.

एकबोल्यांचा चेहरा उतरला. खरोखर उतरला, मी समोर होतो. एखाद्यानं अंगणात वाढवलेलं झाड स्वतःच्या हातानं तोडावं तसे ते क्षणभर उभे राहिले. मग म्हणाले, "ठीक. दुसरं नाव सुचवा."

हसू तसंच राहिलं आणि मग एकेकाच्या तोंडावरून गेलं. मी उठलो. सभेत बोलायची मला सवय नाही. 

"साहेब, वहिनींना... पुन्हा एकदा विचारावं."

"का? तुम्हाला ऐकू आलं नाही?"

"आलं, पण..."

"पण काय? त्या खोटं बोलल्या असं म्हणायचंय तुम्हाला?"

"खोटं नाही साहेब. रीत असते. बाईमाणसाला एकदम..."

"रीत!" त्यांनी टेबलावर हात आपटला. "ही रीत घेऊन जगापुढं जायचं? एका प्रौढ, शिकलेल्या बाईनं तोंडानं नाही म्हटलं, आणि मी ते नाही धरायचं नाही? का? बाईच्या शब्दाला किंमत नाही म्हणून? बसा खाली."

मी बसलो नाही. मी आजूबाजूला पाहिलं. कुणी तरी माझ्या बाजूनं उठेल असं वाटलं. भोकरदनचे, अंबडचे, सगळे वहिनींच्या खोक्यांवर जगणारे. एक जण छताकडं बघत होता. एक टोपीची घडी करत होता. आणि तेव्हा दाराकडून आवाज आला. अमीनसाहेब खुर्चीतून अर्धवट उठले होते.

"जनाब, बाईसाब तो तकल्लुफ कर रहे हैं. और एक बार पूछो."

तकल्लुफ म्हणजे आमच्याच भाषेतलं नको-नको. ज्याच्याकडं आम्ही पाठ करून बसलो होतो, त्या एका माणसाला तिथं काय चाललंय ते कळलं होतं. एकबोले त्याच्यावर कडाडले, "आप सिर्फ सुनने को आए हैं!" अमीनसाहेबांनी खांदे उडवले आणि ते खाली बसले.

वहिनींनी मान वर केली. त्यांचे ओठ हलले. मी शपथेवर सांगतो, त्या बोलणार होत्या. तेवढ्यात समोरच्या रांगेतून वकील म्हणाले, "कुणीच तयार नसेल तर मी जाईन की."

हे वकील तरुण होते, मुंबईला शिकून आलेले, एका कापसाच्या पेढीच्या मालकांचे जावई. संघाचे सभासद, पण पुस्तक बदलायला नोकर पाठवणारे. माणूस वाईट नव्हता. त्यांना युरोप बघायचा होता आणि तसं म्हणायला त्यांना कधी कुणी बंदी केली नव्हती. एकबोल्यांचा चेहरा खुलला. "बघा! सरळ माणूस. विचारलं, हो म्हणाला." आणि सभेनं टाळ्या वाजवल्या. जे छताकडं बघत होते त्यांनी जरा जास्तच जोरात वाजवल्या. पुढच्या खेपेला आपली पाळी मागायची, तर ती आता बाईकडून नव्हे, वकिलाकडून मागता येणार होती. ते सोपं होतं.

मला एकबोल्यांचा राग नंतर आला. आधी त्या टाळ्यांचा आला.

बाबू बाहेर डबा घेऊन उभे होते. सभेनंतर स्टेशनवर बसून खायचं म्हणून त्यांनी घरून धपाटे आणले होते. वहिनी बाहेर आल्या तेव्हा त्यांनी हसून विचारलं, "झालं?" वहिनी म्हणाल्या, "झालं." आणि चालू लागल्या.

दुसऱ्या दिवशी मी भांडायला गेलो. एकबोले खिडकीत बसून पुस्तकांत पाला घालत होते.

"मी वहिनींना सगळ्यांत आधी विचारलं," ते म्हणाले. "बाई म्हणून कमी धरलं नाही. पुरुषाला विचारतो तसंच विचारलं."

"तेच चुकलं साहेब."

"काय?"

"पुरुषाला हो म्हणण्यासाठी काही मोजावं लागत नाही. वहिनींना लागतं. तुम्ही दोघांना सारखं विचारलंत, पण दोघं सारख्या जागी उभे नव्हते."

मी असं त्यांच्याशी कधी बोललो नव्हतो.   ते बोटांतला पाला चुरत राहिले. शेवटी म्हणाले, "नाव अजून हैदराबादला गेलेलं नाही. चला."

आम्ही दुपारच्या गाडीनं बदनापूरला गेलो.  पडवीत वहिनी खोक्यात पुस्तकं रचत होत्या. बाबू तिकिटाच्या खिडकीवर होते, ते तसेच उठून आले. एकबोले उंबऱ्याबाहेर उभे राहिले. घाम गळत होता, पण कोटाचं एक बटण त्यांनी सोडलं नव्हतं. मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी एक गोष्ट दुसऱ्यांदा विचारली.

"वहिनी, जाणार?"

बाबू एक पाऊल पुढं सरकले. मीही.

"न्हाई," वहिनी म्हणाल्या.

एकबोले गोंधळले. इतका गोंधळलेला माणूस मी पाहिलेला नाही. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, बाबूंकडं पाहिलं आणि मग हळूच विचारलं, "हे नाही... कुठलं?"

वहिनींनी हातातलं पुस्तक खाली ठेवलं. "कालचं न्हाई रीतीचं व्हतं. आजचं माझं हाय. काल तुम्ही सगळ्यांफुडं इचारलं. आज पडवीत येऊन हळूच इचारून राह्यलात. मी आज हो म्हणले तर उद्या लोक काय म्हणतील? वकिलाच्या तोंडचं काढून बाईला दिलं. घरी जाऊन काय ठरलं कुणास ठावं. तुम्हाला काही होणार न्हाई, मला मात्र जल्मभर ऐकावं लागंल." त्यांचा आवाज चढला नव्हता. "मला जायाचंय. ध्यानात ठिवा, मला जायाचंय. पण मला त्याच सभेत इचारा. काल जे टाळ्या वाजवून राह्यले व्हते त्यांच्याफुडं. मंग मी एकदाच हो म्हणते."

"सभेला परवानगी लागते, वहिनी."

"मंग आणा."

 वहिनी पुन्हा खोकं भरायला लागल्या. बाबू माझ्याजवळ येऊन म्हणाले, "चहा घेता का?" मी हो म्हणालो.

परवानगीसाठी आम्ही दोघं जालन्याला परतून पोलीस कचेरीत गेलो. अमीनसाहेबांनी उठून खुर्ची दिली. सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "मैंने तो उसी वक्त बोला था, जनाब." एकबोल्यांनी मान खाली घातली. अमीनसाहेबांना खरोखर वाईट वाटत होतं, पण दुसऱ्या सभेची परवानगी त्यांच्या हातात नव्हती. ती वरून यायची, आणि महिनोन् महिने यायची नाही. हे त्यांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. समोरच्या थोराला तोंडावर नाही म्हणणं त्यांना अवघड गेलं. ते म्हणाले, "देखेंगे."

एकबोले उठले, नमस्कार केला आणि बाहेरच्या बाकावर येऊन बसले.

"चला साहेब," मी म्हणालो.

"ते बघतो म्हणालेत."

"साहेब, तसं नसतं ते."

"बघतो म्हणालेत."

दुसऱ्या दिवशी ते वाचनालयाची किल्ली पत्नीकडं देऊन सकाळीच कचेरीच्या बाकावर जाऊन बसले. तिसऱ्या दिवशीही. शिपाई येता-जाता हसत. अमीनसाहेब तर त्यांना चुकवायला मागच्या दारानं ये-जा करू लागले. खिडकी बंद, पुस्तकं बंद, वाचक परत. नाव मागण्यासाठी हैदराबादहून तार आली, तिचं उत्तर वकिलांनी परस्पर देऊन टाकलं. एकबोल्यांना मी ते सांगायला गेलो तर म्हणाले, "ते थांबवता येईल. परवानगी आली की सगळं बदलता येईल." सभासदांच्या घरी जा, वकिलांकडं जा, हैदराबादला गाडीत बसून जा, निदान सगळ्यांसमोर ओरडून सांगा की माझं चुकलं! मी हे सगळं त्यांना त्या बाकासमोर उभं राहून म्हणालो. ते ऐकत होते. पण त्यांना एका माणसानं "बघतो" म्हटलं होतं, आणि त्यांच्या लेखी तो शब्द होता.

वकील निघाले त्या दिवशी जालना स्टेशनवर गर्दी होती. सगळा संघ आला होता. हार होते, पेढे होते, पेढीवरच्या लोकांनी बँड आणला होता. गाडी बदनापुरावरूनच जाणार होती. मी तिथून निघालो आणि कचेरीकडं गेलो. एकबोले बाकावर बसले होते. कोट गळ्यापर्यंत, मांडीवर हात. लांबून बँड ऐकू येत होता.

"गाडी गेली साहेब," मी म्हणालो.

त्यांनी मान वर केली. डोळे लाल होते. त्यांना ऐकू आलं होतं, कळलंही असावं. ते सरकले आणि बाकावर माझ्यासाठी जागा केली.

"बसणार?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "नाही." आणि निघालो. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.